गाड्यांचा शिंपी

मित्रांनो, मी एक जुना शिंपी आहे. माझ्याकडे सुई नाही, दोरा नाही आणि कात्री तर औषधालाही सापडायची नाही. तरी भल्याभल्यांच्या कमरा मी आत घेतल्या आणि सैल करून दिल्या. माझी गिऱ्हाइके म्हणजे आगगाड्या. चालत्या गाडीची चाके जवळ किंवा दूर करून देणारी एक लांबट शेड, एवढेच माझे रूप. कागदोपत्री माझे नाव फार मोठे आणि रुक्ष होते. वाल्देमिंब्रे गावात ते कोणाच्या जिभेवर बसले नाही. गावातल्या इलुमिनादा नावाच्या एका फटकळ बाईने मला पहिल्याच आठवड्यात 'शिंपी' म्हणून टाकले आणि तेच पुढे चालू राहिले. इलुमिनादाने एकदा नाव ठेवले की ते पाद्र्यालाही बदलता येत नाही.

माझा जन्म दोन रुळांच्या न जुळण्यातून झाला. आमच्याकडचे जुने रूळ रुंद. मागाहून वेगवान गाड्यांसाठी टाकलेले रूळ अरुंद, साधारण एक वीत कमी. माद्रिदहून निघालेली गाडी अरुंद रुळांवरून भन्नाट येई आणि आमच्या गावापाशी ते रूळ संपत. तिथून पुढे डोंगरांतून थेट समुद्रापर्यंत रुंद रूळ. मी नसतो तर सगळ्या उतारूंना इथे बोचकी आणि पोरे सावरत उतरावे लागले असते आणि पलीकडच्या दुसऱ्या गाडीत चढावे लागले असते.

जुने रूळ मुळात इतके रुंद का केले, याचे मला फार कुतूहल. गावातल्या बारमध्ये यावर वाद रंगत आणि वारा बरा असला तर ते मला ऐकू येत. कोणी म्हणे, शेजारच्या राजाचे सैन्य आगगाडीत बसून येऊ नये म्हणून. कोणी म्हणे, डोंगर चढायला मोठे इंजिन हवे होते म्हणून. इलुमिनादा म्हणे, "पुरुषांनी मोजलं असणार, म्हणून चुकलं." खरे काय ते मला अजून कळलेले नाही.

माझे काम दिसायला सोपे, पण करायला नाजूक. गाडी माझ्यात शिरे ती सायकल चालवावी तशी सावकाश, पण ती थांबत नसे. आधी मी डब्याचे सगळे वजन दोन्ही बाजूंच्या लोखंडी पट्ट्यांवर तोलून धरी. वजन उचलले गेले की चाके मोकळी होत आणि अधांतरी लोंबू लागत. मग मी त्यांना जागेवर धरणारी कुलुपे खाली ओढी, चाकांना हलकेच बाजूला सारी, कुलुपे पुन्हा बसवी आणि डबा नव्या रुळांवर अलगद टेकवी. पट्ट्या घासून तापू नयेत म्हणून वरून पाण्याचे फवारे सुटत. डब्यात बसलेल्या माणसाच्या कपातली कॉफीसुद्धा हिंदकळत नसे. आपल्या खाली एवढे मोठे बाळंतपण चालले आहे हे बहुतेकांना कळतही नसे, आणि खरे सांगतो, याचे मला कधी कधी वाईट वाटे.

फ्रुक्तुओसो हा माझ्या देखरेखीवरचा माणूस. फवाऱ्यांची तोंडे साफ करणे, पट्ट्या पुसणे, आत येणाऱ्या गाडीकडे डोळ्यांत तेल घालून पाहणे ही त्याची कामे. तो कुरकुरत सगळे करी, पण नीट करी. माझ्यावर खूश असला की म्हणे, "आज शिंप्याने झकास शिवलं." एवढ्याने माझा दिवस चांगला जाई.

मित्रांनो, मी गाड्यांना ओळखतो ते खालून. त्यांचे तोंड कसे असते ते मला नीट ठाऊक नाही, पोट मात्र पाठ आहे. फवाऱ्यांच्या पाण्याबरोबर चाकांवरून जे खाली पडे, त्यावरून मी जगाचा अंदाज बांधी. माद्रिदकडून येणाऱ्या गाडीतून कोरडी पिवळी धूळ पडे. समुद्राकडून येणाऱ्या गाडीतून पाइनच्या सुया आणि खारट पाणी. एकदा कोंबडीचे पीस पडले, तेव्हा मी कितीतरी दिवस विचार करत होतो की ती कोंबडी कुठे निघाली होती. समुद्र कसा असतो हे जाणून घ्यायची तर मला विलक्षण हौस. गावातल्या कोणीतरी फ्रुक्तुओसोला तेच विचारले तेव्हा मी कान टवकारले. तो म्हणाला, "समुद्र? ओला असतो." आणि पुढे पट्टी पुसू लागला.

गावाला मी आधी मुळीच आवडलो नव्हतो. वाल्देमिंब्रेचे आपले असे छोटे स्टेशन होते. वेगवान गाडी आली आणि ते बंद झाले. गाडी गावावरून जाई, पण गावासाठी थांबत नसे. तिच्या खिडक्या उघडत नसत, आणि माझ्यातून जाताना दारेही कुलूपबंद असत. पण माझ्यापाशी आली की तिला सावकाश व्हावेच लागे, आणि एवढे गावाला पुरले. शहरात गेलेली पोरे फोन करून कळवीत, "आज मी गाडीत आहे, पाचवा डबा, गावाकडची खिडकी." की घरची माणसे कुंपणापाशी हजर. बोलता यायचे नाही, म्हणून ती काहीतरी दाखवीत. नवे बाळ दाखवीत. शिवून आलेला लग्नाचा झगा दाखवीत. एका आजोबांनी आपली नवी कवळी दाखवली, तीही तोंडातून काढून. दोघा भावांनी छपराच्या गळतीवरचे भांडण पुठ्ठ्यावर मोठाली अक्षरे लिहून महिनाभर चालवले, एक गाडीतून आणि एक कुंपणापासून. गावात याला 'दाखवणी' म्हणू लागले. "आज कोणाची दाखवणी आहे?" असे विचारत रिकामी माणसेही येत. माझी दोन्ही टोके उघडी, त्यामुळे मला थोडे दिसे आणि ऐकू सगळे येई. त्या दिवसांत मी फार सुखी होतो.

आता ज्या बाईसाठी मी ही गोष्ट सांगतो आहे तिच्याकडे येतो. तिचे नाव कासिल्दा. बंद पडलेल्या स्टेशनच्या इमारतीत ती छोटा बार चालवी आणि मागच्या खोल्यांत आपल्या म्हाताऱ्या आईबरोबर राही. तिचा धाकटा भाऊ एवेलियो वेगवान गाडीतल्या कॅफेच्या डब्यात काउंटरमागे उभा राहून कॉफी विके. दोघांचा धंदा एकच, फक्त एकाचा पळता आणि एकीचा जागेवरचा. सकाळच्या गाडीत त्याचे तोंड गावाकडे असे. माझ्यातून जाताना तो कप उंच करून खुणेने विचारी, तुझ्या कॉफीला आज तरी चव आहे का? ती कुंपणापाशी उभी राहून खुणेने सांगे, आधी तोंड धुऊन ये. सगळा डबा हसे.

मग त्यांची आई, बासिलिसा, आजारी पडली. एके दिवशी तिला धाप लागली आणि तिने एवेलियोचे नाव घेतले. कासिल्दाने त्याला गाडीत फोन केला. गाडी तेव्हा माझ्यापासून फार लांब नव्हती. ती आली आणि माझ्यात शिरली. आईची खिडकी कुंपणाच्या अगदी पलीकडे. कासिल्दा तारा धरून ओरडत होती, "उतर रे! उतर!" एवेलियोने तिच्याकडे पाहिले, आणि तो काचेतून दिसेनासा झाला. मी माझे काम केले. गाडी पुढे गेली. पुढच्या मोठ्या स्टेशनावर उतरून, मिळेल त्या वाहनाने तो परत आला तोवर आई गेली होती.

दुसऱ्या दिवशी आईला पोचवून आल्यावर दोघे कुंपणापाशी उभे होते.

"हाकेच्या अंतरावर होती आई," कासिल्दा म्हणाली. "आणि गाडी बैलासारखी चालली होती. उडी मारायची होतीस."

"दार उघडत नाही गं इथे."

"दार उघडत नाही, का तू उघडलं नाहीस? मी बघितलं, तू तोंड फिरवून आत गेलास."

"कासिल्दा, मी कॉफी विकतो. गाडी चालवत नाही."

"मग विक कॉफी! जा. जात राहा इथून!"

आणि मित्रांनो, तो खरोखरच जात राहिला. नऊ वर्षे. त्याच्या गाडीची वेळ झाली की कासिल्दा बारचे शटर खाली ओढी आणि आत जाऊन भांडी घासत बसे. फोन नाही, निरोप नाही. मी दोघांच्या मधोमध. एवेलियोची चाके माझ्या अंगावरून जात आणि मला वाटे, काय असेल या माणसाच्या मनात? पण चाकांवरून धूळ पडते, मन पडत नाही.

असे चालले असताना माझ्याही दिवसांचा हिशोब संपत आला. डोंगरांतून समुद्रापर्यंत नवे अरुंद रूळ टाकून पूर्ण झाले. आता चाके दूर करायची गरजच उरणार नव्हती. गाडी माझ्या बाजूने, माझ्याकडे ढुंकूनही न पाहता भरधाव पुढे निघून जाणार होती. खिडकीत कोण बसले आहे, कुंपणापाशी कोण उभे आहे, कोणालाच काही दिसणार नव्हते. गावाने ठरवले की शेवटच्या दिवशी मोठी दाखवणी करायची. त्याच दिवशी एवेलियोचीही या मार्गावरची शेवटची फेरी होती. त्याची बदली दूर दक्षिणेला, सेव्हिलच्या गाड्यांवर झाली होती. ही बातमी फ्रुक्तुओसोने बारमध्ये मुद्दाम मोठ्याने सांगितली. कासिल्दाने त्याच्यापुढे कॉफीचा कप असा आदळला की अर्धी कॉफी बशीत आली.

तो दिवस थंडीच्या तोंडावरचा, चेस्टनटची फळे भाजायच्या हंगामातला होता. सकाळपासून कुंपणापाशी गर्दी. ढोल वाजत होता, सनई वाजत होती, कोणीतरी आपले डुक्करसुद्धा धुऊन आणले होते. बारचे शटर मात्र खालीच. मला राहवेना. बाई, आज नाही तर कधीच नाही, असे मी मनातल्या मनात किती वेळा म्हटले असेन. आणि मागच्या दाराने कासिल्दा बाहेर आली. तिच्या हातात आईचा मातीचा वाडगा होता आणि त्यात दोन लाकडी चमचे.

त्या वाडग्याचा अर्थ गावात सगळ्यांना ठाऊक होता. लहानपणी ही भावंडे भांडली की बासिलिसा दोघांना समोरासमोर बसवी, मध्ये लसणाच्या सूपचा एकच वाडगा ठेवी आणि दोन चमचे देई. वाडगा रिकामा होईपर्यंत कोणी उठायचे नाही. सूप संपता संपता भांडणही संपे.

"आलीस?" इलुमिनादा म्हणाली. "मला वाटलं, आजही आत भांडी घासत बसशील."

"घासून संपली."

"नऊ वर्षं घासल्यावर संपणारच. आणि फोन नावाची एक वस्तू असते म्हणे."

"फोनवर मी हॅलोच्या आधी भांडते, ठाऊक आहे ना तुला? आणि त्याने ठेवून दिला तर? समोर दिसला की तोंडावरून कळतं."

"आणि त्याने बघितलंच नाही तर?"

वाडगा छातीशी धरून कासिल्दा तारेला टेकून उभी राहिली.

गाडी आली. पहिल्या डब्याची चाके माझ्या पट्ट्यांवर चढली आणि मी ती लगेच ओळखली. ही चाके रोज शेवटी येत. महागड्या तिकिटांचे, शांत उतारूंचे डबे सकाळच्या गाडीत शेपटाला असतात. आज ते पुढे होते. माद्रिदच्या यार्डात गाडी फिरवली गेली होती. उतारूंना त्याचे काय? ते उठून हव्या त्या खिडकीशी जाऊ शकतात. पण काउंटरमागे उभा असलेला माणूस जिकडे तोंड तिकडेच पाहणार.

फ्रुक्तुओसोच्याही ते लक्षात आले. तो कुंपणाच्या फाटकाकडे धावला.

"कासिल्दा! अगं, गाडी उलटी लागलीय! एवेलियोचं तोंड आज डोंगराकडे आहे. इकडून तुला त्याची पाठसुद्धा दिसायची नाही, नुसती कपाटं!"

"मग मी पलीकडे जाते."

"कुठून जातेस? गाडी मध्ये आहे!"

कासिल्दाने त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिले. माझ्या पोटाखालून एक आडवे भुयार आहे. फवाऱ्यांचे पाणी वाहून जावे आणि कामगारांना या बाजूहून त्या बाजूला जाता यावे म्हणून केलेले.

"ते कामगारांसाठी आहे," फ्रुक्तुओसो घाईघाईने म्हणाला.

"आणि मी कोण, राणीसाहेब? रोज तुझ्या पोटात सूप कोण घालतं?"

"नोकरी जाईल माझी!"

"फ्रुक्तुओसो!"

त्या हाकेत काय होते कोण जाणे. त्याने फाटकाची किल्ली काढली. "डोकं खाली ठेव. आणि कशालाही हात लावू नकोस, आईची शपथ आहे तुला."

मित्रांनो, तुम्ही असे कधीही करू नका. गाडीच्या जवळपासही जाऊ नका. फ्रुक्तुओसोला या किल्लीबद्दल वरिष्ठांकडून चांगल्याच कानपिचक्या मिळाल्या, आणि त्या योग्यच होत्या. पण झाले ते सांगितलेच पाहिजे.

माझ्या आयुष्यात प्रथमच गावातले माणूस माझ्या आत आले. वरून पाणी बदाबदा गळत होते. कासिल्दाच्या गुडघ्यांचे दुखणे जुने, तरी ती वाकून भराभर चालली. वर डबे सरकत होते. कॅफेचा डबा आता येणारच होता. आणि अगदी मधोमध पोचल्यावर ती थांबली.

तिने वर पाहिले होते. जाळीतून तिला दिसले की एवढा मोठा डबा, माणसांनी भरलेला, रुळांवर नाहीच. चाके मोकळी लोंबताहेत. कुलुपे उघडी. सगळा डबा माझ्या दोन पट्ट्यांच्या आधाराने नुसता घसरतो आहे. ना इकडच्या रुळांवर, ना तिकडच्या.

"अगं बाई," ती म्हणाली. "हे तर टेकलेलंच नाही कशावर."

बाई, चला ना, मी मनात आक्रोश करत होतो. पण ती हलेना. चाकांची एक जोडी गेली, दुसरी आली. चाके सुटली, सरकली, बसली. ती प्रत्येक जोडीकडे पाहत राहिली. तिच्या चेहऱ्यावरून पाणी वाहत होते आणि त्यातले माझे किती आणि तिचे किती, हे मला सांगता येणार नाही. मागून फ्रुक्तुओसो ओरडला, "पुढे हो! गेली गाडी!" तेव्हा कुठे ती भानावर आली आणि धडपडत पलीकडच्या पायऱ्या चढली.

पुढचे मला फ्रुक्तुओसोकडून आणि नंतर खुद्द एवेलियोकडून कळले. एवेलियो एका गिऱ्हाइकाला साखर देत होता. समोर काचेपलीकडे डोंगराचा उतार आणि वाळलेली झुडपे, दुसरे काही नाही. एवढ्यात जमिनीतून उगवावी तशी त्याची बहीण वर आली. केस चिकटलेले, अंगातून पाणी निथळते, आणि दोन्ही हातांत उंच धरलेला आईचा वाडगा. वाडग्यात सूप नव्हते. माझे पाणी काठोकाठ भरले होते आणि दोन चमचे त्यात डुलत होते. एवेलियोच्या हातातून साखरेची सगळी पाकिटे खाली पडली. काउंटरमागून धावत येऊन त्याने दोन्ही तळहात काचेवर टेकवले. कासिल्दा ओरडून काहीतरी सांगत होती. काच जाड, त्याला एक शब्दही ऐकू आला नाही. गाडी पुढे गेली, रुंद रुळांवर चढली आणि वळणाआड दिसेनाशी झाली.

दुपारी गर्दी पांगली. इलुमिनादाने कासिल्दाला जबरदस्तीने कोरडे कपडे चढवले, पण बाई घरात बसेना. ती माझ्यापाशी येऊन एका पेटीवर बसून राहिली. फ्रुक्तुओसो पट्ट्या पुसत होता, शेवटच्या वेळी, आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ लावून. तेवढ्यात समुद्राकडून गावोगाव मासळी विकायला येणारी गाडी रस्त्यावर थांबली आणि तिच्यातून एवेलियो उतरला. अंगात कॅफेचा गणवेश, कमरेला एप्रन आणि सगळ्या अंगाला माशांचा वास.

मला वाटले, आता रडारड होणार.

"गाडीत कॉफी कोण देतंय?" कासिल्दाने विचारले.

"कोणी नाही. यंत्र बंद केलं, किल्ली तपासनिसाच्या हातात दिली आणि उतरलो."

"लोक काही म्हणाले नाहीत?"

"एक बाई म्हणाली, माझी दुधाची कॉफी राहिली. म्हटलं, बाई, माझी नऊ वर्षं राहिलीत."

फ्रुक्तुओसो खोकल्यासारखे करून हसला. कासिल्दा हसली नाही. ती उठून भावासमोर उभी राहिली.

"एवेलियो, मी सकाळी तुला माफ करायला निघाले होते. अगदी मोठ्या मनाने, वाडगा घेऊन. आणि खाली जाऊन बघते तर डबा हवेत. माणसं हवेत. तिथे कोण दार उघडणार आणि कोण उतरणार? फ्रुक्तुओसो, खरं सांग, त्या दिवशी कोणाला उघडता आलं असतं?"

"कोणालाच नाही," फ्रुक्तुओसो म्हणाला. "ड्रायव्हरलाही नाही. चाकं मोकळी असताना दारं हलत नाहीत. मला विचारलं असतंस तर तेव्हाच सांगितलं असतं."

"तेच ना! या शिंप्याच्या उंबऱ्यावर राहते मी. रोज तुला सूप वाढते. आणि एकदा आत येऊन विचारलं नाही की दार का उघडत नाही." ती एवेलियोकडे वळली. "माफ तू करायचंस रे. मला."

एवेलियोने एप्रनला हात पुसले.

"मी तोंड फिरवलं नव्हतं," तो म्हणाला. "तू म्हणालीस ना, तोंड फिरवून आत गेलास. मी दाराकडे गेलो होतो, कासिल्दा. दार उघडत नाही हे मला ठाऊक होतं, तरी गेलो. मूठ धरून इतकी ओढली की हे बघ." त्याने उजवा हात पुढे केला. दोन बोटे सरळ होत नव्हती. "आईला पोचवायला आलो तेव्हा हाताला पट्टी होती माझ्या. मला वाटलं, तू विचारशील."

कासिल्दाने तो हात दोन्ही हातांत घेतला आणि मग ती रडली, लहान पोरीसारखी, मोठ्याने. मीही गळत होतो, पण माझे फवारे नेहमीच गळतात, त्यामुळे कोणाच्या लक्षात आले नाही.

"एक सांगू?" एवेलियो नाक पुसत म्हणाला. "नऊ वर्षं मी इथून जाताना साखर शोधायला खाली वाकायचो. शटर खाली ओढलेलं बघवायचं नाही मला. आजही वाकलोच असतो. पण गाडी उलटी लागली, म्हटलं, चला, डोंगराकडे बघायला कसली भीती? म्हणून ताठ उभा होतो."

"म्हणजे गाडी सरळ असती तर..."

"तर मी साखरच शोधत असतो."

फ्रुक्तुओसोने फडके खाली टाकले. "तुमच्या घराण्यात," तो म्हणाला, "कुठलंच काम सरळ होत नाही." आणि तिघेही जेवायला गेले.

मित्रांनो, त्यानंतर माझ्यात एकही गाडी आली नाही. माझ्या पट्ट्यांवर आता गंज चढू लागला आहे. फवाऱ्यांची तोंडे बुजली आहेत आणि एक मांजर सोडले तर माझ्यात कोणी राहत नाही. बाजूच्या नव्या रुळांवरून गाड्या सणसणत जातात. त्यांच्या चाकांवर कुठली धूळ आहे, हे मला आता कळत नाही, आणि त्याचीच मला सगळ्यात जास्त चुटपुट लागते. कधी कधी शाळेची मुले मला पाहायला येतात आणि त्यांचे गुरुजी त्यांना माझे काम थोडे चुकीचे समजावून सांगतात. मी राग मानत नाही. मुले भुयारात वाकून पाहतात, हाका मारतात, प्रश्न विचारतात. तेव्हा मला वाटते की मी अजून कामाचा आहे. जमले तर माझ्या पट्ट्यांना वर्षातून एकदा तेल लावा. मला मोडीत काढू नका.

आणि आणखी एक मागणे आहे. तुमचे कोणी आपले माणूस हाकेच्या अंतरावरून निघून गेले आणि उतरले नाही, तर लगेच शटर खाली ओढू नका. आधी खाली वाकून बघा, त्या वेळी त्याची चाके कशावर टेकली होती ते. आणि दिसत नसेल, तर त्यालाच विचारा.